इन नदीवरून बाबांना पत्र

इन्सब्रुक, ऑस्ट्रिया,
१२ जुलै

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

कयाकिंगचे फोटो पाहिल्यापासून तुमच्या जिवाला घोर लागलाय, असं ताई म्हणाली. फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

आपल्या कृष्णेचं आणि इथल्या नद्यांचं गणित उलटं आहे. सांगलीत पाऊस लागला, कोयनेतून पाणी सोडलं की आयर्विन पुलाखाली पातळी चढते. इथे उन्हाळ्यात आभाळ निरभ्र असलं की धास्ती. दिवसभर ऊन खाऊन वरच्या हिमनद्या वितळतात आणि ते पाणी दरीत उतरेपर्यंत संध्याकाळ होते. ओत्झ नदी तर सकाळी वेगळी आणि संध्याकाळी वेगळीच दिसते. त्यामुळे कडक ऊन असलं की आम्ही सकाळीच उतरतो. तिच्यावरच्या वेलरब्रुकच्या धारेत २००८ पासून अनेक वर्षं जगातले अव्वल कयाकर शर्यतीला येत. तिथे मी फक्त काठावर उभी राहते. आम्ही जातो इनवर, इम्स्ट ते हायमिंग. नद्यांची प्रत १ (सगळ्यात सोपी) ते ६ (सगळ्यात अवघड) अशी मोजतात, त्यात हा टप्पा साधारण ३ चा.

पाणी राखाडी असतं. हिमनदी सरकताना खालचा खडक दळते, ते पीठ पाण्यात उतरतं. नाव प्रवाहात स्थिर धरली की नावेच्या बुडाला घासणाऱ्या त्या बारीक कणांची सरसर ऐकू येते, बांधकामावर वाळू चाळताना येते तशी. नदीचा तळ अजिबात दिसत नाही, दगड कुठे आहे ते वरच्या लाटेवरूनच ओळखायचं. मोठ्या दगडामागे पाणी उलटं, वरच्या अंगाला वळतं. तिथे शिरून थांबायचं, पुढचं पाहायचं, मगच निघायचं. तुम्ही शिकवलं होतं ना, धारेशी भांडू नकोस, तिरकी काप! इथेही पहिला धडा तोच दिला.

खरी भीती लाटांपेक्षा थंडीची आहे. पाच-सहा अंशांच्या पाण्यात माणूस पडला की आधी श्वास उडतो, थोड्या वेळात बोटं वळत नाहीत आणि दोर हातात आला तरी धरवत नाही. म्हणून ड्राय सूट, म्हणजे आत पाणी न शिरू देणारा पोशाख, मानेला नि मनगटाला घट्ट रबर, आत लोकर. उलटलेली नाव कमरेच्या झटक्यानं सरळ करायला हिवाळाभर बंद तलावात शिकवतात. ते जमल्याशिवाय नदीवर कुणाला नेत नाहीत. एकटं तर कुणीच उतरत नाही, आणि प्रत्येकाकडे फेकायचा दोर असतो. हे नियम मला मनापासून पटतात, बाबा, आणि या नदीवर माझा फार जीव जडलाय.

आईला सांगा, लोकरीचे पायमोजे जरूर पाठव, जाड नकोत. रविवारी तुमच्या दुपारी फोन लागला नाही तर मी पाण्यात असेन. तुमच्या रात्रीच्या जेवणाआधी मीच करीन.

तुमची,
मनू