ठिपके ओळखले, पण दोष किती?

महोदय,

वैमानिकांची आणि हवाई वाहतूक नियंत्रकांची रंगदृष्टी आजही अनेक ठिकाणी आधी इशिहारा पुस्तिकेवरच तपासली जाते. रंगीत ठिपक्यांत दडलेला आकडा वाचायचा. १९१७ साली निघालेली ही पुस्तिका लाल-हिरव्यातला दोष हुडकण्यात पटाईत आहे, यात वाद नाही. मात्र तो दोष किती आहे, हे ती नीट सांगत नाही आणि निळ्या-पिवळ्यातला दोष तिच्या हाती लागत नाही. पाने पाठ करून येणारे असतात. खोलीतला दिवा पिवळट असला तरी निकाल बदलू शकतो.

परीक्षाच काढून टाका, असे अजिबात म्हणणे नाही. धावपट्टीशेजारचे ‘पापी’ (PAPI, उतरण्याचा कोन दाखवणारे) दिवे दोन पांढरे, दोन लाल दिसले की उतरण्याचा कोन बरोबर. चारही लाल म्हणजे विमान फार खाली. २००२ साली अमेरिकेत टालाहासी येथे फेडेक्सचे बोइंग ७२७ पहाटेच्या अंधारात धावपट्टीच्या अलीकडेच झाडांवर आदळले. विमान उतरवणाऱ्या सहवैमानिकाची सदोष रंगदृष्टी हे तपासात एक कारण ठरले. त्याला सवलतीवर प्रमाणपत्र मिळालेले होते! (थकवाही कारणांत होता, आणि कॉकपिटमधल्या बाकीच्या दोघांनीही वेळेत हटकले नाही, हे सांगायलाच हवे.) नियंत्रकाचेही तेच. रेडिओ बंद पडला तर मनोऱ्यातून लाल, हिरवा किंवा पांढरा झोत टाकूनच तो विमानाशी बोलतो.

म्हणजे जुनी पद्धत दोन्हीकडून चुकते. धोक्याचा उमेदवार निसटतो आणि किरकोळ दोषाचा घरी बसतो. लंडनच्या सिटी विद्यापीठाने ब्रिटिश विमान प्राधिकरणासाठी दोष किती आहे ते संगणकावर मोजणारी ‘कॅड’ चाचणी बसवली. दोष असलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जण सुरक्षितपणे उडू शकतात, असा तिच्या २००९च्या अहवालाचा निष्कर्ष होता. अमेरिकेनेही २०२५पासून नव्या वैमानिकांसाठी संगणकीय चाचणी सक्तीची केली. इतर देशांनी थांबण्याचे कारण दिसत नाही.

ही चाचणी प्रशिक्षणाचे शुल्क भरण्याआधी व्हावी. काचबिंदू, मधुमेह यांमुळे रंगदृष्टी पुढेही बिघडू शकते, तेव्हा नोकरीतल्या ठरावीक तपासण्यांतही ती असावी. आणि उमेदवाराच्या हाती नुसते ‘अपात्र’ न देता मोजमापाचा आकडा द्यावा, म्हणजे त्याला अपील तरी करता येईल.

आपला,
एक नियमित वाचक