कुरवांना गाठ्या नकोत

हिवाळ्यात कोर्लईला जाऊन आलो. रेवदंड्याच्या खाडीच्या मुखाशी दीपगृह, मागे किल्ला आणि खाली खडकांवर कुरवांचा (सीगल पक्ष्यांचा) थवा. डोळ्यांचे पारणे फिटले! पण काही पर्यटक त्यांच्यापुढे गाठ्यांच्या पिशव्या रिकाम्या करत होते. एका कुरवाच्या चोचीत प्लास्टिकचा तुकडा आला. तो झटकून पुन्हा तोच उचलत होता. फार वाईट वाटले. तपकिरी डोक्याचे हे कुरव लडाख-तिबेटकडून येतात. परतीच्या प्रवासाचे बळ त्यांना मासळीतून मिळते, तळलेल्या खारट बेसनातून नाही. २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असल्याची मान्यता) मिळालेल्या आपल्या ठाणे खाडीच्या काठीही हाच प्रकार दिसतो. वनविभागाने जेट्ट्यांवर ठळक फलक लावावेत आणि न ऐकणाऱ्यांना दंड करावा.

– एक वाचक, ऐरोली