पट्टी उतरवली तर बिघडले कुठे?

महोदय,

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा २०२५ला बुडापेस्टहून सुरू झालेला दौरा आमच्या बेळगाव-खानापूरकडच्या जुन्या चाहत्यांना सुखावतो आणि टोचतोही. निको मॅकब्रेन २०२३च्या पक्षाघातातून सावरून पुन्हा ड्रमवर बसले, पण २०२४च्या डिसेंबरात त्यांनी दौरे थांबवले. बहुतेक सारे ते बास ड्रमच्या एकाच पेडलवर वाजवत. उजव्या पायाची ती उसळी त्यांच्या जागी आलेल्या सायमन डॉसन यांच्याकडे वेगळी पडते, आणि स्टीव्ह हॅरिस यांच्या बास गिटारचा ‘एक लांब, दोन तोकडे’ असा घोडदौडीचा ठेका तिच्यावरच तर उभा असतो. लय जरा ढिली झाली की ते दोन तोकडे ठोके एकमेकांत मिसळतात.

दौऱ्यातली गाणी १९८० ते १९९२च्या पहिल्या नऊ अल्बममधलीच. म्हणजे सगळ्यात उंच सुरांची. गायक ब्रूस डिकिन्सन १९५८चे. वयानुसार स्वरतंतूंची लवचिकता घटते, तेव्हा आधी वरचे सूर जातात. गिटार अर्ध्या स्वराने उतरवल्या तर गळ्याला मोठा आधार मिळतो. मेटालिका हा बँड कित्येक वर्षे तसेच करते. आपले गवई उतारवयात काळी दोनवरून काळी एकवर येतात, त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही. इथल्या सुळेभावीच्या कुमार गंधर्वांनी क्षयरोगानंतर श्वासाला झेपेल अशी गायकीच घडवली!

२००७ला बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर ऐकलेला आवाज आता मागू नये. मात्र २०००नंतरचे एकही गाणे नसणे खटकते. तीन गिटारींची खरी वीण त्या गाण्यांतच आहे.

— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव