काकूंच्या हॉस्पिसबद्दल

प्रिय अविनाश,

"हॉस्पिस म्हणजे हात टेकणंच ना?" असं तू फोनवर विचारलंस तेव्हा मी ड्यूटीवर होते, धड बोलता आलं नाही. म्हणून लिहिते.

काकूंना कुठेही हलवायचं नाही. हॉस्पिस म्हणजे शेवटच्या काळात त्रास कमी करणारी सेवा; तिची नर्स आणि मदतनीस नर्सिंग होममध्येच येतात. खोली तीच, रोजच्या बायकाही त्याच. आजार बरा करायची धडपड थांबते; दुखणं, धाप, तगमग यांवरची औषधं मात्र नीट सुरू होतात. आजार असाच चालला तर आयुष्य सहा महिन्यांच्या आतलं, असं दोन डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. काकू त्यापुढे टिकल्या तर पुन्हा तपासून मुदत वाढते. तुझं मन बदललं तर केव्हाही बाहेर पडता येतं.

खरी मेख पैशात आहे. हॉस्पिटलमधून परतल्यावर मेडिकेअरने, म्हणजे अमेरिकेतल्या वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याने, काकूंचे रिहॅबचे (थेरपी देऊन पुन्हा उभं करण्याचे) दिवस सुरू केले: पहिले 20 पूर्ण फुकट, पुढे 100 पर्यंत रोज काही रक्कम भरून. त्याच आजारासाठी हॉस्पिस घेतलं की हे बंद. हॉस्पिसचे पैसे मेडिकेअर देतं, पण राहण्या-जेवणाचे नाही. मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांसाठीची सरकारी योजना) नसेल तर ते बिल स्वतःच्या खिशातून. नर्सिंग होमलाही रिहॅबचेच पैसे जास्त मिळतात, त्यामुळे आपणहून हॉस्पिसचं नाव काढायची घाई कुणालाच नसते. मान धरवत नाही अशा आजींना थेरपीला नेताना मी बघते आणि हॉस्पिस येतं ते शेवटच्या दोन-चार दिवसांत. मेडिकेअरमध्ये ही सोय 1983 पासून आहे, तरी हा तिढा तसाच. चीड येते रे.

त्यात काकूंचा डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश). कॅन्सरमध्ये निदान अंदाज तरी बांधता येतो. इथे माणूस महिनोन् महिने खालावत जातं आणि सहा महिन्यांचं लिहून द्यायला डॉक्टर कचरतात. पण काकू बोलेनाशा झाल्यात, घास तोंडात धरून बसतात, वरचेवर न्यूमोनिया होतो. हे सगळं डॉक्टरांना सांग, आणि हॉस्पिसच्या नर्सला नुसतं बघून जायला बोलाव. तेवढ्याने कशात अडकत नाहीस.

नागपूरहून दादा "नळी तरी घाला" म्हणतोय ना, पोटात अन्न द्यायची? या टप्प्यावर नळीने आयुष्य वाढत नाही. चमच्याने, घेतील तेवढं भरवणंच बरं. त्याला मी समजावते, माझं तो ऐकतो.

तू सोमवारी तिथल्या सोशल वर्करला गाठ. मेडिकेडचा अर्ज कुठवर आलाय आणि रिहॅबचे किती दिवस उरलेत, एवढं आधी विचार. कशावरही सही करण्यापूर्वी मला कागदांचे फोटो पाठव.

तुझी,
मीना