बाळ दगावले कुठे, मोजले कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बालमृत्युदराची तालुकावार क्रमवारी छापून आली की एखाद्या तालुक्यावर मागासपणाचा शिक्का बसतो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात ही घाई महागात पडते.

इथे पहिले बाळंतपण माहेरी. कर्नाटकातल्या निपाणीची सून सातव्या महिन्यात महाराष्ट्रातल्या गडहिंग्लजला जाते आणि बाळ सव्वा महिन्याचे झाले की परतते. तीन अर्भकमृत्यूंपैकी (वर्षाच्या आतल्या मृत्यूंपैकी) साधारण दोन पहिल्या 28 दिवसांतले, म्हणजे नेमके माहेरच्या मुक्कामातले. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नोंद मात्र घटना घडली तिथेच होते. उलट चंदगडकडचे अत्यवस्थ अर्भक उपचाराला बेळगावात येते. ते दगावले तर मृत्यू कर्नाटकात आणि जन्म महाराष्ट्रात.

हिशेब करून पाहा. समजा, एका तालुक्यातल्या रहिवासी आयांची वर्षात 2000 बाळे जन्मली, 50 दगावली. दर हजारी 25. त्यातले 300 जन्म आणि 6 मृत्यू माहेरी, सीमेपलीकडे नोंदले गेले, तर उरले 1700 जन्म, 44 मृत्यू. त्यात बाहेर जन्मून इथल्या रुग्णालयात दगावलेली 20 बाळे मिळवा. दर जवळपास 38! तालुक्यातल्या आयांचे एकही बाळ जास्त दगावलेले नाही.

घरोघरच्या पाहणीत घोळ वेगळा. आईला मागच्या पाच वर्षांतले जन्म-मृत्यू विचारतात आणि ती आज राहते त्या जिल्ह्याच्या खात्यावर टाकतात. तीन वर्षांपूर्वी परजिल्ह्यातल्या वीटभट्टीवर दगावलेले मूल, आई आज अथणीत राहते म्हणून, बेळगाव जिल्ह्याच्या नावावर पडते. ‘या गावी कधीपासून?’ हे विचारून आधीचा काळ वगळता येतो. पण वगळताना नुसते मृत्यू काढले आणि जन्म ठेवले, तर दर खोटाच खाली येतो. दोन वर्षांचे होऊन इथे आलेल्या मुलाची ती दोन वर्षे जुन्या गावाकडे धरावीत, पुढची इकडे. गाव कायमचे सोडून गेलेल्या आईला तर इथे कुणी विचारतच नाही.

जन्माच्या अर्जात आईच्या नेहमीच्या वास्तव्याचे गाव असा वेगळा रकाना आहे. तिथे माहेरचा पत्ता पडला की पुढचे सगळे चुकते. इकडची नोंद कन्नडात, तिकडची मराठीत, नाव एकीकडे माहेरचे तर दुसरीकडे सासरचे. मग जुळवणार कशी? निदान या रकान्यात सासरचे गाव लिहून घ्यावे. आणि आपण आकडे छापताना ते घटनास्थळाचे की वास्तव्याचे, एवढे शीर्षकाखाली नमूद करावे.

– लोकसंख्याशास्त्राचे दोन अभ्यासक, निपाणी