आलेलं सगळं, आलं त्याच क्रमाने

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "रोज दोन-दोन तास स्क्रोल करतो, तरी कुणाचं काय चाललंय ते कळत नाही." तेव्हा मी विषय बदलला. त्यावर बोलायचं तर बरंच होतं आणि ते फोनवर घाईघाईत सांगावंसं वाटलं नाही. म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी आपल्या वर्गातल्या एकाची आई गेली. त्याने त्याच दिवशी चार ओळी लिहिल्या होत्या. मी त्या दिवशी त्याच साइटवर तीनदा जाऊन आलो होतो. मला अनोळखी लोकांचे व्हिडिओ दिसले, कुणाकुणाची भांडणं दिसली, एक दिवस आधी पाहिलेल्या बुटांची जाहिरात दिसली. त्याच्या चार ओळी समोर आल्या त्या नवव्या दिवशी. फोन केला तर तो रागावला नाही. "अरे, लिहिलं होतं ना मी," एवढंच म्हणाला. ते वाक्य फार दिवस डोक्यातून गेलं नाही. मी तिथे होतो, तोही तिथे होता, आणि मला काय दाखवायचं हे तिसऱ्याच कुणीतरी ठरवलं.

तेव्हापासून मी पुन्हा फीडकडे वळलो, म्हणजे संकेतस्थळ स्वतःच्या नव्या लिखाणाची जी यादी देतं तिच्याकडे. तो नारिंगी चौकोन आठवतो का तुला? कोपऱ्यात ठिपका आणि त्याच्यावर दोन कमानी. फायरफॉक्स ब्राउझरने ते चिन्ह वापरायला सुरुवात केली आणि २००५ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टनेही तेच घेतलं. एके काळी ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत ते आपोआप उगवायचं. पुढे १ जुलै २०१३ ला गूगल रीडर हे फीड गोळा करून वाचायचं साधन बंद झालं, डिसेंबर २०१८ मध्ये फायरफॉक्सने 'लाइव्ह बुकमार्क', म्हणजे फीड दाखवणारे बुकमार्क, काढून टाकले, आणि मी धरून चाललो की हे प्रकरण संपलं. संपलं नव्हतं. फक्त चिन्ह नाहीसं झालं होतं. वर्डप्रेस या प्रणालीवर बनवलेली बहुतेक संकेतस्थळं आजही न मागता फीड देतात, यूट्यूबच्या प्रत्येक चॅनलला ते असतं, मॅस्टोडॉन या सोशल नेटवर्कवरच्या प्रत्येक सार्वजनिक खात्याला असतं. तू पॉडकास्ट ऐकतोस ना? त्यातले बहुतेक तुझ्यापर्यंत पोचतात तेसुद्धा आरएसएसवरूनच, म्हणजे अशाच फीडवरून.

एकदा कुतूहल म्हणून मी एका फीडचा पत्ता सरळ ब्राउझरमध्ये उघडला आणि आतला मजकूर वाचत बसलो. साधी यादी असते रे. प्रत्येक नोंदीचं शीर्षक, दुवा, तारीख आणि वेळ, थोडासा मजकूर, आणि एक ओळखखूण, जिच्यावरून रीडरला कळतं की ही नोंद आधी येऊन गेली आहे. बस्स. वाचणारा कोण, तो कशावर किती वेळ रेंगाळला, कशाने चिडला, हे लिहायला त्या यादीत जागाच नाही. तुला आणि मला एकच यादी मिळते. १९९९ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीत ही गोष्ट जन्मली तेव्हापासून तिचा गाभा हाच आहे. रीडर अधूनमधून जाऊन विचारतो, "मागच्या वेळेनंतर काही बदललंय का?" नसेल बदललं तर सर्व्हर तेवढंच सांगतो आणि काही पाठवत नाही. शांतता ही सुद्धा तिथे एक बातमी असते, आणि ती भरून काढायला कुणी दुसरं काही आणून ओतत नाही.

मी ब्राउझरमध्ये फीडब्रो नावाचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं साधन, टाकलं आहे. व्हिवाल्डी ब्राउझर वापरत असशील तर त्यात रीडर आधीपासूनच आहे. आवडत्या संकेतस्थळाचा पत्ता दिला की रीडर बहुतेक वेळा फीड स्वतःच शोधून काढतो. नाही सापडलं तर वर्डप्रेसच्या पत्त्याला शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत फीड लिही, मॅस्टोडॉनच्या खात्याच्या पत्त्याला टिंब देऊन आरएसएस. मोठ्या वृत्तपत्रांचं मुख्य फीड मात्र घेऊ नकोस. मी घेतलं आणि दोन दिवसांत न वाचलेल्यांचा आकडा ६०० च्या वर गेला. त्यांच्या एखाद्याच विभागाचं घे, जो तू खरंच वाचतोस.

दोन गोष्टी मी ठेच लागून शिकलो. फीडमध्ये सहसा अलीकडच्याच नोंदी असतात, वर्डप्रेसमध्ये वेगळं काही ठरवलं नसेल तर १०. एक्स्टेन्शन ब्राउझर चालू असतानाच फीड आणतं, त्यामुळे आठवडाभर संगणक बंद राहिला तर भरभर लिहिणाऱ्यांचं मधलं निसटतं. आणि आपल्या यादीची ओपीएमएल फाइल, म्हणजे सगळ्या फीडचे पत्ते असलेली फाइल, वेगळी जपून ठेव. ब्राउझर नव्याने टाकताना माझी दीड वर्षाची यादी गेली, आणि त्यातली काही नावं मला अजून आठवलेली नाहीत.

राहिली ती भिंतीआडची माणसं. मोठ्या सोशल मीडियावरच्या आपल्या मित्रांचं फीड मिळत नाही. ट्विटरवर पूर्वी मिळायचं, तेही २०१३ मध्ये बंद झालं. त्यांच्यासाठी मी बुकमार्कमध्ये 'माणसं' नावाचा फोल्डर केला आहे. त्यात प्रत्येकाच्या स्वतःच्या पानाचा पत्ता, टाइमलाइनचा नाही. दर शनिवारी सकाळी फोल्डरवर उजवी क्लिक करून सगळे एकदम टॅबमध्ये उघडतो. अकरा टॅब. एकेकाचं वाचायचं, वाटलं तर दोन ओळी लिहायच्या, टॅब बंद करायचा. अकरावा बंद झाला की झालं. खाली सरकत राहायला काही उरत नाही, आणि ते उरत नाही याचंच मला फार बरं वाटतं. तुझा टॅब तिसरा आहे. गेले चार शनिवार तू काही लिहिलेलं नाहीस, म्हणूनच तर परवा फोन केला.

गेल्या शनिवारी सातव्या टॅबमध्ये, ज्याची आई गेली त्या आपल्या मित्राने, आईच्या हस्ताक्षरातल्या एका वहीच्या पानाचा फोटो लावला होता. खाली काहीच लिहिलं नव्हतं. वर वेळ दिसत होती, चाळीस मिनिटांपूर्वीची. बाकीचे टॅब तसेच ठेवून मी फोन लावला. तासभर बोललो आम्ही, बरंचसं त्या वहीबद्दलच.

तू कुठला ब्राउझर वापरतोस ते कळव. माझ्या यादीची फाइल पाठवतो. त्यातलं नको ते काढ आणि तुझ्याकडचं मला पाठव.

तुझाच,
जुना बाकमित्र