अमेय, फिशबोन ऐकलास का?

लॉस एंजेलिस

प्रिय अमेय,
अनेक आशीर्वाद.

'आधी रॉक की फ्यूजन ते ठरवा, मग या' असं सांगून आयोजकांनी तुमच्या पखवाज-गिटारच्या बँडला परत पाठवलं, हे वाचून फार राग आला. निदान एक गाणं तरी ऐकायचं! 'ताई, आमचंच काही चुकतंय का?' असं तू विचारलंस, म्हणून तुला इथल्याच एका बँडबद्दल सांगते.

फिशबोन. १९७९ साली इथल्या शाळकरी मुलांनी काढलेला. तेव्हा काळी-गोरी मुलं एकत्र शिकावीत म्हणून साउथ सेंट्रलमधल्या काळ्या मुलांना बसने लांब सॅन फर्नांडो व्हॅलीतल्या शाळांत पाठवत. घरी फंक आणि सोल हे काळ्यांचं संगीत, शाळेत हार्ड रॉक, शहरात पंक या वेगवान, बेधडक रॉकची लाट. जे कानावर पडलं ते सगळं त्यांच्या वाजवण्यात उतरलं, वर जमैकाचा नाचरा स्का होताच.

त्यांचा १९८८चा 'ट्रुथ अँड सोल' हा अल्बम नीट हेडफोन लावून ऐक. सुरुवातीलाच कर्टिस मेफील्डचं १९७२चं सोल गाणं धडाडत्या गिटारवर घेतलंय. पुढे 'मा अँड पा' लागतं. ट्रंपेट-सॅक्सोफोनचा असा स्का की पाय थांबत नाहीत, आणि शब्द मात्र आईबापांच्या घटस्फोटात मुलांचे काय हाल होतात त्याचे. शेवटचं 'चेंज' तर अगदी शांत, अकूस्टिक.

आता हे रेडिओवर लावणार कोण? गाणीसुद्धा रंगावरून वाटलेली होती. 'बिलबोर्ड' या संगीतविषयक नियतकालिकाच्या गाण्यांच्या एका यादीचं नावच १९९० पर्यंत 'हॉट ब्लॅक सिंगल्स' होतं. रॉकवाल्या स्टेशनांना हा बँड काळ्यांचा वाटायचा आणि काळ्यांच्या स्टेशनांना गिटार कर्कश. कोलंबियासारखी मोठी रेकॉर्ड कंपनी पाठीशी असूनही ही कोंडी फुटली नाही. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या लिव्हिंग कलर या बँडला यश मिळालं, तेही काळेच. पण त्यांचं हार्ड रॉकचं अंग पहिल्या मिनिटात ओळखू येतं. फिशबोनच्या एका गाण्याने ओढून आणलेला माणूस पुढच्या गाण्याला गोंधळतो.

आणि मग नो डाउट हा बँड! फिशबोनला मानणारी, शेजारच्या ऑरेंज काउंटीतली मंडळी. त्यांचा १९९५चा 'ट्रॅजिक किंगडम' हा अल्बम एकट्या अमेरिकेत एक कोटीच्या घरात खपला. तोवर फिशबोनचा गिटारिस्ट केंडल जोन्स सोडून गेला होता. मानणारे पुढे गेले आणि फिशबोन मागेच राहिला, मला हे अजून पचत नाही. २०१० साली त्यांच्यावर 'एव्हरीडे सनशाइन' नावाचा माहितीपट निघाला, त्यात भले भले संगीतकार त्यांचं ऋण मान्य करतात. नुसत्या कौतुकावर घर चालत नाही रे.

म्हणून सांगते, पखवाज काढू नका. कुणी कितीही म्हणो. फक्त कार्यक्रमात गाण्यांचा क्रम जपा. पहिल्या दोन-तीन गाण्यांत पखवाज आणि गिटार दोन्ही ठसठशीत येऊ देत, म्हणजे ऐकणाऱ्याला तुमचा आवाज ओळखीचा होईल. मग पुढे कुठेही न्या त्याला. तू पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये पखवाजाची धुम गिटारखाली पार दबली आहे. तिला वेगळा माइक लावा, आणि गिटारच्या आवाजातला खर्ज (बेस) जरा कमी करा.

नवीन रेकॉर्डिंग झालं की आधी मला पाठव. आई-बाबांना नमस्कार सांग. बाबांना तालमीचा आवाज सोसत नसेल तर मी बोलेन त्यांच्याशी.

तुझी,
ताई